पौषाची थंडी आणि अंगणातले ससे

दिवाळीची पहिली आंघोळ उरकली, की घरोघर थंडीच्या तयारीला सुरुवात होते. ट्रंकेच्या तळाशी गेलेले स्वेटर वर येतात, रजयांना ऊन दाखवले जाते, आजोबांच्या कानटोपीसाठी सारे घर पालथे घातले जाते आणि डिंकाच्या लाडवांचा बेत ठरतो. माणसांची अशी बडदास्त चालू असताना परसातल्या जाळीच्या पिंजऱ्यात दोन लांब कान उभे असतात. त्यांच्या थंडीचा विचार सहसा कुणाच्या मनात येत नाही. आणि आलाच, तर तो इतक्या जोराने येतो, की थंडीने नाही पण त्या मायेनेच सशाचा जीव मेटाकुटीस यावा!

ससे पाळणारी घरे आता शहरांत नवलाची राहिलेली नाहीत. कुत्रा भुंकतो म्हणून सोसायटीत तक्रारी होतात, मांजराचा दुधावर डोळा असतो. ससा बापडा यातले काहीच करीत नाही. मुलांचा हट्ट पुरतो आणि शेजाऱ्यांची झोपही मोडत नाही. मात्र दिवाणखान्यात लेंड्या नकोत, म्हणून त्याची रवानगी अंगणात, गच्चीवर किंवा मागच्या गॅलरीत होते. चैत्रापासून अश्विनापर्यंत याचे काही वाटत नाही. मार्गशीर्ष उजाडला, पहाटे तोंडातून वाफ निघू लागली, की घरातल्या एखाद्या बालकाला प्रश्न पडतो, “आई, आपल्या सशाला थंडी वाजत असेल का गं?”

या प्रश्नाला आई जे उत्तर देईल, त्यावर त्या मुक्या जिवाचे पुष्कळसे अवलंबून असते. “त्याला काय होतंय, अंगावर एवढी लोकर आहे!” हे उत्तर अर्धे खरे आहे. “वाजत असेल हो, गुंडाळ त्याला दुलईत!” हे उत्तर त्याहूनही कमी खरे आहे. पुरते खरे उत्तर हवे असेल, तर ससा हा मुळात कुठला, कसा राहणारा आणि आपण त्याला कुठे आणून ठेवले, याकडे थोडे पाहावे लागेल.

एक नाव, दोन प्राणी

आम्हा मराठीच्या मास्तरांना कोणत्याही विषयाचे दार शब्दाच्या किल्लीने उघडण्याची खोड असते. तेवढी वाचकांनी सोसावी. संस्कृत धातुपाठात ‘शश्’ या धातूचा अर्थच उड्या मारीत जाणे असा दिला आहे. त्या शशावरून चंद्र ‘शशी’ झाला, ‘शशांक’ झाला. पंचतंत्रातल्या सशाने सिंहाला विहिरीत डोकवायला लावले. शिकाऱ्यापुढे जीव घेऊन पळणाऱ्या सशाची दैना आपण ‘ससेहोलपट’ या शब्दात जपून ठेवली. (‘ससेमिऱ्या’शी मात्र सशाचा काडीचा संबंध नाही. ती विक्रमाच्या गोष्टीतल्या चार श्लोकांची आद्याक्षरे आहेत.)

पण हा सगळा मान आहे आपल्या माळरानावरल्या रानसशाचा. लांब पायांचा, मानेवर काळा डाग असलेला हा प्राणी बीळ करीत नाही. गवताच्या आडोशाला नुसता खळगा करून तो उघड्यावरच बसतो. त्याची पिल्ले जन्मतःच अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊन येतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे. त्याला धरून पाळणे हा गुन्हा आहे.

आपल्या पिंजऱ्यातला पांढरा, तपकिरी किंवा काळा-पांढरा ससा हा याचा दूरचा भाऊबंद. त्याचे मूळ स्पेन-पोर्तुगालच्या भूमीत. मुठीएवढ्या कानांच्या ठेंगू सशापासून लोकरीच्या गोळ्यासारख्या अंगोऱ्यापर्यंत जगातल्या सगळ्या पाळीव जाती या एकाच युरोपीय सशापासून निघाल्या. आणि हा ससा जातीचा खोदणारा आहे. जमिनीखाली बिळांची जाळी विणून कळपाने राहणे हा त्याचा संसार. त्याची पिल्ले उघडीनागडी आणि आंधळी जन्मतात, कारण ती बिळाच्या उबेत जन्मणार हे निसर्गाने गृहीतच धरलेले असते.

इंग्रजीत या दोघांना दोन वेगळी नावे आहेत. मराठीने दोघांनाही ‘ससा’च म्हटले आणि तिथेच घोटाळा झाला. ‘रानातला प्राणी, उघड्यावर राहणारच’ असे आपण पाळीव सशाविषयी म्हणतो, ते वर्णन दुसऱ्याचे आहे. आपला ससा उघड्यावर राहणारा नव्हेच. आपण त्याला पिंजऱ्यात ठेवले, तेव्हा त्याच्याकडून थंडीवरचा त्याचा सगळ्यात मोठा इलाज, त्याचे बीळ, काढून घेतले. थंडीतली सारी निगा म्हणजे हे बीळ त्याला परत देणे, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे सगळे सोपे होते.

देहाची शेगडी

बीळ नसले, तरी निसर्गाने सशाला अगदीच उघडे पाडलेले नाही. त्याच्या अंगाची ऊब आपल्यापेक्षा जास्त, साधारण ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस. बाहेर १० ते २० अंश असतील, तर तो मजेत असतो. पावसाळा सरता सरता तो जुने केस टाकतो आणि खाली दाट मऊ लव, वर लांब केस असा नवा अंगरखा घालतो. त्या लवेत अडकलेली हवा हीच त्याची खरी रजई. त्याच्या मोठ्या कानांतून रक्तवाहिन्यांचे जाळे पसरलेले असते. उन्हाळ्यात त्या फुगतात आणि अंगातली उष्णता बाहेर जाते. थंडीत त्या आकसतात, म्हणून कान थोडे गार लागतात. नुसते कान गार लागले म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

दुसरी व्यवस्था पोटात आहे. सशाच्या मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला एक भली मोठी पिशवी असते. तिच्यात गवताचा चोथा सूक्ष्म जंतूंच्या मदतीने आंबत राहतो आणि त्यातून त्याला शक्तीही मिळते व ऊबही. म्हणजे सशाच्या पोटात एक लहानशी शेगडी सदैव धुमसत असते. तिचे सरपण म्हणजे सुके गवत. ते संपले, की शेगडी विझू लागते. ससा एक दिवस उपाशी राहिला, तर आतड्यांची चाल मंदावून त्याच्या जिवावर बेतू शकते. तेव्हा रिकामा गवताचा हारा हा गार वाऱ्याइतकाच धोक्याचा.

कोरडी थंडी सशाला कितपत सोसते, हे पाहायचे तर हिमाचल प्रदेशाकडे पाहावे. कुलूच्या खोऱ्यात गडसा येथे केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेच्या केंद्रात अंगोरा ससे पाळले जातात. तिथला हिवाळा आपल्या हिवाळ्याला खिशात घालील असा. तरीही दाट लोकर, कोरडी जागा आणि भरपूर चारा यांच्या जोरावर ते प्राणी तिथे नांदतात. मात्र लोकर कातरल्यावर पुढचे काही दिवस त्यांना जपावे लागते. लोकर गेली, तिच्यातली हवा गेली, म्हणजे ससा उघडा पडला.

जी गोष्ट कात्रीने होते, तीच पाण्याने होते. भिजलेल्या लवेत हवा राहत नाही. ती अंगाला चिकटते आणि अंगातली ऊब झपाट्याने ओढून घेते. वारा हेच काम जरा सावकाश करतो. म्हणून ध्यानात ठेवावे, की सशाचे खरे वैरी तीन: ओल, वारा आणि भूक. नुसत्या कोरड्या थंडीला तो एकटा तोंड देतो. या तिघांपैकी एकाने जरी तिला साथ दिली, तरी तो हरतो.

आपल्याकडची थंडी

सशांविषयीची पुष्कळशी पुस्तके इंग्लंड-अमेरिकेकडची. तिथे पाण्याची बाटली रात्रीत गोठते, पिंजऱ्यावर बर्फ साचतो. त्यांचा सल्ला त्या थंडीसाठी असतो. आपली थंडी निराळी. मुंबईत आणि कोकणपट्टीत ती पाहुणीसारखी येते आणि जाते. तिथे सशाला उन्हाळ्याचीच काळजी अधिक. देशावर मात्र ती मुक्काम ठोकते. जानेवारी १९३५ मध्ये पुण्यात किमान तापमान १.७ अंशापर्यंत उतरल्याची नोंद आहे. आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या निफाडला पारा ५-६ अंशांपर्यंत आणि एखाद्या वर्षी त्याहूनही खाली जातो. मग द्राक्षबागायतदार पहाटे बागांतून शेकोट्या पेटवतात. महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या काठी दव गोठते.

पण आपल्या थंडीचा खरा स्वभाव दिसतो तो दुपारी. जानेवारीत नाशकात पहाटे १० अंशांच्या आसपास थंडी असते आणि त्याच दिवशी दुपारी उन्हात २८ अंश होतात. आठ-दहा तासांत १८ अंशांचा झोका! ससा घाम गाळून गार होऊ शकत नाही. तिशीकडे पारा झुकू लागला, की तो कासावीस होतो. म्हणजे ज्या सशाला पहाटे आडोसा हवा, त्यालाच दुपारी वारा आणि सावली हवी. बिळात हे आपोआप साधते, कारण जमिनीखाली दिवसरात्रीचा फरक फारसा पोहोचत नाही. पिंजऱ्यात ते आपल्याला साधावे लागते. रात्री घातलेले आच्छादन सकाळी न चुकता काढणे, हा आपल्याकडच्या निगेतला पहिला पाठ आहे आणि नेमका तोच परदेशी पुस्तकांत सापडत नाही.

भरीला आता अवकाळी पाऊस आहे. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस नाशिक जिल्ह्यात ऐन थंडीच्या तोंडावर पाऊस आणि गारपीट झाली आणि द्राक्षबागा झोडपून निघाल्या. पाऊस आता चातुर्मासातच येईल या भरवशावर पिंजऱ्याचे छप्पर गळके ठेवून चालत नाही.

पिंजरा कसा असावा

पिंजरा जमिनीवर टेकवू नये. पाय लावून किंवा विटा रचून तो निदान वीतभर उंच असावा. जमिनीचा ओलसर गारठा वर चढत नाही, फरशी धुतल्यावर पाणी आत शिरत नाही आणि घुशीलाही आयती वाट मिळत नाही. हिवाळ्यात आपल्याकडे गार वारे मुख्यतः उत्तरेकडून आणि ईशान्येकडून येतात, तेव्हा पिंजऱ्याची पाठ त्या बाजूला असावी आणि जाळीचे तोंड दक्षिणेकडे किंवा आग्नेयेला असावे. सकाळचे कोवळे ऊन आत येते आणि रात्रीचा वारा पाठीवरून निघून जातो. भिंतीलगत जागा असेल, तर उत्तमच. दिवसभर तापलेली भिंत रात्री उशिरापर्यंत थोडी थोडी ऊब देत राहते.

छपराला नुसता पत्रा असेल, तर तो रात्री लवकर गार पडतो आणि आतून त्याला दव धरते. पहाटे तेच दव थेंबाथेंबाने सशाच्या पाठीवर पडते. पत्र्याखाली लाकडी फळ्या ठोकाव्यात आणि छपराला मागच्या बाजूला थोडा उतार द्यावा. तळाला नुसती तारेची जाळी असेल, तर तिच्या निदान अर्ध्या भागावर फळी टाकावी. जाळीतून खालचा वारा लागतो आणि तारांवर बसून सशाच्या तळपायांना जखमाही होतात.

आता बीळ. यासाठी फार खर्च नको. आंब्याची रिकामी लाकडी पेटी किंवा फळवाल्याकडचा देवदारी खोका घ्यावा, खिळे नीट ठोकून आत वळवावेत आणि त्याला एका कडेला ससा जाईल एवढे दार कापावे. दार मधोमध नको. कडेला असले, म्हणजे आत शिरलेला वारा सशापर्यंत थेट पोहोचत नाही. दोन ससे असतील, तर दोन दारे बरी, म्हणजे एकाने दुसऱ्याला कोंडीत पकडू नये. खोका फार मोठा नसावा. सशाला आत पाय पसरून आडवे होता यावे आणि वळता यावे, एवढा पुरे. मोठी खोली एका माणसाच्या उबेने तापत नाही, तसेच हे आहे. काळोख्या, आटोपशीर जागेत सशाच्या अंगची ऊब त्याच्याच वाट्याला येते.

अंथरायचे काय, पांघरायचे काय

खोक्यात अंथरायला सगळ्यात चांगला तो कोरडा पेंढा. मावळ-कोकणाकडे भाताचा मिळतो, आमच्याकडे गव्हाचे काड मिळते. काडी आतून पोकळ असते. त्या पोकळीत आणि काड्यांच्या मधल्या सांदीत हवा अडकते आणि ससा त्यात स्वतःच बसण्याचा खळगा करून घेतो. निदान वीतभर जाड थर घालावा. लाकडाचा बारीक भुसा टाळावा, तो नाकात जाऊन शिंका येतात. वर्तमानपत्राचे कागद खाली घातले तर चालतील, पण नुसत्या कागदाने ऊब राहत नाही.

जुनी गोधडी किंवा मुलाचा आटलेला स्वेटर खोक्यात घालण्याचा मोह गृहिणींना होतो. हेतू चांगला, पण ससा हा दातांनी विचार करणारा प्राणी. त्याचे दात जन्मभर वाढतात आणि जन्मभर तो ते झिजवीत असतो. स्वेटरचे धागे पोटात गेले, तर त्याला ओकून काढता येत नाहीत, कारण सशाला ओकारीच होत नाही. शिवाय मुताने भिजलेले कापड लवकर वाळत नाही. म्हणजे उबेसाठी दिलेली गोधडी रात्रीतून ओले फडके होते. गोधडी द्यायची, तर खोक्याच्या वर, बाहेरून द्यावी.

अंथरुणाचा ओला भाग रोज काढून तिथे कोरडा पेंढा घालावा. थंडीत सकाळी हात गारठतात, म्हणून ‘आज राहू दे’ असे वाटते. पण मुतातून उठणारा उग्र वायू सशाच्या नाकपुड्यांना आणि फुप्फुसांना बाधतो. सर्दी, वाहते नाक, मग छातीत घरघर अशी ती साखळी आहे. घाणीने मागचा भाग बरबटला, तर दुपारच्या उबेत माशा येऊन त्यावर अंडी घालतात, ते संकट निराळेच.

पिंजऱ्याच्या बाहेरून तिन्ही बाजूंना गोणपाटाचे पडदे सोडावेत. गोणपाट वारा अडवते आणि तरी श्वास घेते. समोरच्या जाळीवर रात्री अर्ध्यापर्यंत पडदा सोडावा आणि वरची चार बोटे जागा उघडी ठेवावी. पावसाची चिन्हे दिसली, तर वर आणि वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री घालावी; पण सगळा पिंजरा ताडपत्रीत किंवा प्लॅस्टिकमध्ये कधीही गुंडाळू नये.

याचा नमुना गेल्या हिवाळ्यात आमच्या कॉलनीतच पाहायला मिळाला. शेजारच्या काकूंनी मला हाक मारली, “सर, जरा येता का? रात्रभर नीट झाकून ठेवलं होतं हो, तरी दोघांचीही नाकं गळतायत.” जाऊन पाहिले, तर पिंजरा चारी बाजूंनी जाड प्लॅस्टिकमध्ये बांधलेला. वारा मुळीच लागला नव्हता, हे खरे. पण सशांचा श्वास, ओले अंथरूण यांची सगळी वाफ आतच कोंडून प्लॅस्टिकला पाण्याचे थेंब लटकले होते आणि पेंढा हाताला ओलसर लागत होता. काकूंनी प्लॅस्टिक काढले, पेंढा बदलला, गोणपाट लावले आणि त्याच दिवशी दोघांना पशुवैद्याकडे नेले. औषधाने आणि कोरड्या हवेने ससे सुधारले. काकूंची माया कमी नव्हती. त्या मायेला फक्त चार बोटे झरोका हवा होता.

शेगडीची माया नको

द्राक्षबागेत शेकोटी पेटते, तशी गॅलरीत सशाजवळ कोळशाची शेगडी ठेवावी, असे कुणाला वाटेल. बाग उघडी असते, हा त्यातला फरक विसरू नये. बंद किंवा अर्धवट बंद जागेत जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो सशाला मारतो आणि शेजारच्या खोलीत झोपलेल्या मुलांनाही सोडत नाही. हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेली माणसे सकाळी उठलीच नाहीत, अशा बातम्या आपण वाचतो. तेव्हा सशासाठी म्हणूनही नाही आणि माणसांसाठी म्हणूनही नाही. बंद जागेत शेगडी नकोच.

विजेचा दिवा किंवा हीटर पिंजऱ्यात सोडणे असेच घातक. वायर ही सशाला कोवळ्या मुळासारखी दिसते. ती एका चाव्यात तुटते. खाली कोरडा पेंढा, वर तापलेला दिवा, मध्ये कुरतडलेली वायर! पुढचे सांगणे न लगे.

फारच कडाका पडला, तर सोपा उपाय आहे. दोन-तीन विटा दिवसभर उन्हात तापवाव्यात, गोणपाटात गुंडाळाव्यात आणि संध्याकाळी खोक्याच्या बाहेरून एका बाजूला टेकवाव्यात. किंवा धातूच्या बाटलीत कढत नव्हे, पण चांगले ऊन पाणी भरून, बूच घट्ट लावून, तीही तशीच ठेवावी. ऊब एकाच बाजूला असावी, म्हणजे नकोशी झाली तर सशाला सरकता येते. रात्री दिवाणखान्यात आणि सकाळी गार अंगणात अशी त्याची रोजची ने-आण करू नये. अंगावरच्या केसांना एका हवेची सवय व्हावी लागते. आत आणायचेच, तर बिनउबेच्या पडवीत किंवा जिन्याखाली आणावे आणि थंडी सरेपर्यंत तिथेच ठेवावे.

आणि आंघोळ? पाडव्याला साऱ्या घराबरोबर सशालाही उटणे लावून न्हाऊ घालण्याचा उत्साह मुलांना येतो. सशाला कधीच न्हाऊ घालायचे नसते. तो स्वतःला चाटून स्वच्छ ठेवतो. थंडीत भिजवलेला ससा काही तासांत गारठू शकतो आणि भीतीनेच त्याचा जीव कासावीस होतो.

सरपण

सशाच्या खाण्यातला सगळ्यात मोठा वाटा सुक्या आणि हिरव्या गवताचा असावा. हरळी तर उत्तम. मेथी, कोथिंबीर, मुळ्याचा आणि गाजराचा पाला हे वरचे तोंडीलावणे. गाजर स्वतः गोड, तेव्हा एखादा तुकडा पुरे. थंडीत ताकद यावी म्हणून पोळी, भाकरी, बिस्किटे किंवा डिंकाच्या लाडवाचा घास देणारी माणसे आहेत. पिठूळ आणि गोड पदार्थांनी सशाच्या पोटातल्या जंतूंची घडी विस्कटते, वायू धरतो आणि देहाची शेगडीच बिघडते. ताकद द्यायची असेल, तर गवताची पेंढी मोठी करावी.

ससा संध्याकाळी आणि पहाटे जास्त हालचाल करतो, रात्रीही अधूनमधून खात असतो. म्हणून दिवसाचा मोठा चारा सकाळी न देता रात्री झोपण्यापूर्वी द्यावा. कडाक्याच्या वेळी सरपण हाताशी राहते. पाणी आपल्याकडे बहुधा गोठत नाही, पण पहाटेचे गार पाणी ससा कमी पितो आणि पाणी कमी झाले की खाणेही कमी होते. सकाळी भांड्यातले पाणी बदलून कोमट करून द्यावे. भांडे जड, मातीचे असावे, म्हणजे लवंडून अंथरूण भिजणार नाही.

पिल्ले, म्हातारे आणि एकटे

ही सारी निगा धडधाकट सशाची झाली. पिल्ले, म्हातारे आणि आजारी ससे यांना हिवाळ्यात उघड्यावर ठेवूच नये. जोडीने राहणारे ससे एकमेकांना चिकटून बसतात आणि ऊब वाटून घेतात. पण थंडी पडली म्हणून बाजारातून दुसरा ससा आणून एकदम आत सोडला, तर ऊब राहते बाजूला आणि रक्तपात होतो. ओळख सावकाश करून द्यावी लागते. आणि नर-मादी असतील, तर पशुवैद्याकडून त्यांची शस्त्रक्रिया करून घ्यावी, नाही तर महिन्याभरात घर भरते.

मादी साधारण ३१ दिवसांनी विते. त्याआधी ती तोंडात गवत गोळा करू लागते आणि मग स्वतःच्या छातीपोटावरची लव उपटून घरट्याला अस्तर लावते. पाहणाऱ्याला ती आजारी वाटते. वस्तुतः ती नागड्या पिल्लांसाठी स्वतःच्या अंगावरचे पांघरूण काढून देत असते. कोरडी जागा, अडकलेली हवा, वारा नाही, उजेड नाही: आपण एवढे सगळे सांगितले, ते तिला न शिकवता येते. चोवीस तासांत ती एक-दोनदाच, थोड्या मिनिटांसाठी पाजायला येते; तेव्हा ती पिल्लांकडे फिरकत नाही म्हणून तिला बोल लावू नये. मात्र घरट्याबाहेर पडलेले पिल्लू ती मांजरीसारखे उचलून आत नेत नाही. असे पिल्लू दिसले, तर स्वच्छ, कोरड्या हातांच्या ओंजळीत त्याला हळूहळू ऊब द्यावी आणि इतर पिल्लांच्या मध्ये परत ठेवावे. माणसाचा हात लागला म्हणून पाळीव मादी त्याला टाकते, ही समजूत खरी नाही.

गारठला तर

एवढे करूनही एखाद्या सकाळी ससा कोपऱ्यात मुटकुळे करून बसलेला दिसला, हाक मारल्यावर आला नाही, कालचे गवत तसेच असले, लेंड्या कमी आणि बारीक पडल्या असल्या, तर ते दुर्लक्ष करण्याजोगे नव्हे. अंग हाताला गार आणि सैल लागत असेल, तर वेळ फार थोडा आहे. त्याला कोरड्या टॉवेलात गुंडाळून घरात साध्या खोलीत आणावे आणि कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली बाजूला ठेवावी. ऊब हळूहळू द्यावी. शेकोटीपाशी धरू नये, कढत पाण्यात बुडवू नये. शुद्ध हरपत असेल, तर तोंडात दूध, पाणी, ब्रँडी असले काही ओतू नये. ते फुप्फुसात जाते. घरातली माणसांची औषधे तर मुळीच देऊ नयेत. आपल्याला रोज लागणारी काही प्रतिजैविके तोंडावाटे दिली, तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरून तो दगावतो. अंगाचे तापमान ३८ अंशांच्या खाली गेले असेल किंवा आठ-दहा तासांत त्याने काही खाल्ले नसेल, तर ‘उद्या बघू’ न म्हणता पशुवैद्याकडे न्यावे. आपल्या गावात सशांची माहिती असलेले पशुवैद्य कोण, याची चौकशी थंडी पडण्यापूर्वीच करून ठेवावी.

रात्री नऊच्या सुमारास एक फेरी मारावी. पेंढ्यात हात घालून तो कोरडा आहे का हे पाहावे. गवत भरावे, पडदे सोडावे, वरचा झरोका उघडा आहे ना ते पाहावे आणि कडी नीट लावावी, कारण बोका आणि मुंगूस यांनाही थंडीत भूक लागते. सकाळी ऊन वर आले, की पडदे काढावेत, ओला पेंढा बदलावा, कोमट पाणी ठेवावे आणि लेंड्यांवर एक नजर टाकावी. दोन्ही वेळचा मिळून अर्धा तास. हे काम घरातल्या मुलांवर सोपवावे, पण मोठ्यांनी मागे उभे राहावे.

मोठ्यांनी उभे राहावे, यालाही कारण आहे. कुत्र्याला थंडी वाजली, की तो दार खरवडतो. मांजर सरळ आपल्या पांघरुणात शिरते. ससा तक्रार करीत नाही. रानात जो दुखणे दाखवील, तो आधी पकडला जाईल, हे त्याच्या रक्तात इतके मुरले आहे, की अखेरपर्यंत तो ठीक असल्याचे सोंग करतो. न बोलणाऱ्याचे दुखणे त्याने सांगण्यापूर्वी ओळखायचे असते, हे ज्या मुलाला दहाव्या वर्षी सशाच्या पिंजऱ्यापाशी कळले, त्याला पुढे घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे न बोललेले दुखणेही कळेल.